आधी मजकूर, मग यंत्र : खानदेशच्या छपाईचा धडा

१८८७ साली जळगावातून ‘काव्यरत्नावली’ निघू लागले. हे मासिक केवळ कवितेला वाहिलेले होते. कापसाच्या गाठी, तेलबिया आणि आगगाडीच्या मालधक्क्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात नारायण नरसिंह फडणीस यांनी ते सुरू केले आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ चालवले. केशवसुतांच्या कविता त्यात आल्या, बालकवींच्या आल्या. १९०७ साली डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र कविसंमेलन भरले तेही जळगावात, आणि धरणगावात जन्मलेल्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘बालकवी’ हे नाव तिथेच मिळाले. मराठी कवितेच्या इतिहासात या गोष्टी नोंदल्या गेल्या आहेत. छपाईच्या इतिहासात मात्र त्यांच्यामागचा एक साधा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. कवितेचे मासिक म्हणजे खप थोडा आणि जाहिरात नगण्य. असे मासिक जिल्ह्याच्या गावी इतकी वर्षे छापणे परवडले कसे? उत्तराचा धागा फडणीसांच्या दुसऱ्या उद्योगात आहे. ते ‘प्रबोधचंद्रिका’ हे साप्ताहिकही संपादित करत. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी जे काम यायचेच, त्याच्या आधाराने महिन्यातून एकदा येणारे नाजूक काम तगून राहते. आधी नेमाचे काम, मग यंत्र, आणि यंत्राच्या उरलेल्या वेळात हौस : हा क्रम सांभाळला गेला म्हणून कवितेला घर मिळाले.

हा क्रम केवळ फडणीसांपुरता नाही. जळगाव आणि धुळे या दोन गावांतला सव्वाशे-दीडशे वर्षांचा छपाईचा व्यवहार पाहिला तर जिथे तो टिकला तिथे चार प्रश्नांची उत्तरे आधी सापडलेली दिसतात. काय छापायचे आहे? किती प्रती आणि किती वेळा? छापलेले किती वर्षे टिकले पाहिजे? आणि यंत्र अडले तर ते चालू करणारा माणूस, खिळा, शाई, कागद किती अंतरावर आहे? यंत्राची किंमत आणि त्याचा वेग हे प्रश्न यांच्या नंतर येतात. आज घरासाठी किंवा कचेरीसाठी प्रिंटर घेणारा माणूस नेमका उलट्या टोकाने सुरुवात करतो. तो आधी किंमत पाहतो, मग मिनिटाला किती पाने निघतात ते पाहतो, आणि उरलेले प्रश्न यंत्र घरी आल्यावर त्याच्यापुढे उभे राहतात. म्हणून या जुन्या व्यवहाराकडे आठवणींचा खजिना म्हणून न पाहता निर्णयाची पद्धत म्हणून पाहायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

पहिला प्रश्न मजकुराचा. मराठी मजकूर छापण्याच्या दोन वाटा एकोणिसाव्या शतकात होत्या. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर. वळणदार अक्षर लिहिणाऱ्याने खास स्निग्ध शाईने मजकूर लिहायचा, तो दगडावर उतरवायचा आणि दगडावरून प्रती काढायच्या. यात खिळे लागत नाहीत, जुळारी लागत नाही, जोडाक्षरांची अडचण येत नाही. थोडक्या भांडवलावर चित्र, कोष्टक, मोडी, बाळबोध सगळे एकाच दगडावरून निघते. मराठी मुलखातली जिल्ह्याच्या गावची बरीच सुरुवातीची साप्ताहिके या वाटेने गेली ती याच कारणाने. दुसरी वाट खिळ्यांची. १८६४ साली जावजी दादाजींनी मुंबईत टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला. तिथून देवनागरी खिळ्यांना जे रूप मिळाले त्याने मराठी पुस्तकाचा चेहरा बदलला. पण खिळे म्हणजे मोठा पसारा. इंग्रजी अक्षरांचे खण मोजके. देवनागरीला काना, मात्रा, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे मिळून शेकडो वेगळे खिळे लागतात, आणि प्रत्येकाचा पुरेसा साठा लागतो. एखाद्या पानात ‘क्ष’ संपला तर ते पान अडते. लोकमान्य टिळकांनी राजकारणाच्या धबडग्यातही मराठी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटीला वेळ दिला, एवढी ही अडचण खरी होती. म्हणून अमुक वाट पुढारलेली आणि तमुक मागासलेली, असा निवाडा करणे चूक ठरेल. पंचांगाला आणि कोष्टकाला दगड योग्य होता. रोज बदलणाऱ्या लांब गद्याला खिळे योग्य होते. मजकूर पाहून साधन ठरत होते.

या निवडीत भूगोलाचा वाटा मोठा होता. जळगाव १८६०च्या दशकातच जी.आय.पी. रेल्वेच्या मुख्य मार्गावर आले होते. मुंबईहून खिळ्यांची पेटी, शाईचे डबे, कागदाची रिमे मालगाडीने सरळ स्टेशनावर उतरू शकत. धुळे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, जिल्ह्याच्या कचेऱ्यांचे आणि न्यायालयाचे गाव, पण चाळीसगावहून त्याला रेल्वेचा फाटा मिळाला तो १९०० साली. त्याआधी ‘खानदेश वैभव’सारखे साप्ताहिक धुळ्यातून काढणाऱ्याला प्रत्येक जड वस्तूचा शेवटचा टप्पा सडकेनेच गाठावा लागे. शिशाच्या खिळ्यांचे वजन ज्याला ठाऊक आहे त्याला याचा अर्थ लगेच कळेल. खिळा झिजतो, वर आलेली मात्रा दाबाखाली तुटते, आणि झिजलेले शिसे वितळवून पुन्हा ओतायला कारखान्याकडे पाठवावे लागते. छापखाना विकत घेणे म्हणजे एक यंत्र विकत घेणे नव्हते. शिसे, शाई आणि कागद यांच्या अखंड येण्याजाण्याचा एक रस्ताच पत्करणे होते. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, जळगाव पूर्व खानदेशचे आणि धुळे पश्चिम खानदेशचे मुख्य ठाणे ठरले. दोन ठाणी म्हणजे कचेऱ्यांचे, वकिलांचे, नगरपालिकेचे, शाळांचे दोन संच, आणि त्या प्रत्येकाचे नमुने, पावत्या, नोटिसा, प्रश्नपत्रिका. जिल्ह्याच्या गावातला छापखाना जगला तो अशा जॉबकामावर. वर्तमानपत्राने नाव मिळे, पावतीपुस्तकाने पोट भरे.

आणखी एक गोष्ट आज आपण पार विसरलो आहोत. त्या काळी ‘प्रिंटर’ हा शब्द माणसाला लागत असे. १८६७च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात येणारी ती ओळ म्हणजे एका माणसाने स्वीकारलेली जबाबदारी होती. १८७८ साली देशी भाषांतल्या पत्रांसाठी वेगळा जाचक कायदा आला आणि थोड्याच वर्षांत रद्द झाला. पण १९१०च्या कायद्याने नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २००० रुपयांपर्यंत तारण मागण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना दिला. त्या काळच्या रुपयाच्या हिशेबाने जिल्ह्याच्या गावातल्या दोन यंत्रांच्या छापखान्याला ही रक्कम म्हणजे टांगती तलवार होती. मजकूर लेखकाचा असला तरी जप्ती छापखान्यावर येई. म्हणून संपादकाला मुद्रक निवडताना त्याचे यंत्र जितके पाहावे लागे, तितकेच त्याचे धैर्य पाहावे लागे. विश्वास हा तेव्हा छपाईच्या खर्चाचाच एक भाग होता. हा १८६७चा कायदा दीडशेहून अधिक वर्षे चालला, आणि १ मार्च २०२४ पासून त्याची जागा २०२३च्या नव्या नियतकालिक नोंदणी कायद्याने घेतली. घरातल्या प्रिंटरला आता कुणी नाव विचारत नाही, पण कागद कुणाच्या हाती जातो आणि त्याचा जाब कोण देणार, हा प्रश्न गोपनीय कागद छापणाऱ्या प्रत्येक वकिलाला, डॉक्टरला आणि हिशेबनिसाला आजही लागू आहे. असे कागद बाहेरच्या दुकानातल्या संगणकात ठेवून येणे म्हणजे मुद्रक न पारखता निवडणे होय.

टिकाऊपणाचा प्रश्न धुळ्याने जितक्या गांभीर्याने हाताळला तितका फार थोड्या गावांनी हाताळला असेल. शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्यात १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि मठामठांतून समर्थ संप्रदायाची बाडे गोळा करण्याचे काम हाती घेतले. डोमगावच्या मठातल्या, कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी दासबोध १९०५ साली प्रसिद्ध केला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले, आणि अवघ्या नऊ दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजी, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. राजवाडे यांचा मराठी धातुकोश पुढे या मंडळाने प्रसिद्ध केला. आता या कामाला कसली छपाई हवी होती ते पाहा. प्रती हजारोंनी नको होत्या. वेग नको होता. हवी होती ती अक्षराची खात्री. धातुकोशात एक ऱ्हस्व दीर्घ झाला तर व्युत्पत्ती बदलते. जुन्या ओवीत एक अनुस्वार गळला तर पाठभेद म्हणून तो पुढच्या पिढीच्या माथी बसतो. असे काम यंत्राच्या किमतीवर ठरत नाही. ते ठरते मुद्रिते किती वेळा तपासता येतात यावर आणि जुळाऱ्याच्या शेजारी बसायला अभ्यासक येऊ शकतो का, यावर. अशा कामात ग्रंथ जिथे संपादित होतो त्याच गावी मुद्रिते उलटसुलट फिरू शकली तर तो सोयीचा नव्हे, शुद्धतेचा भाग असतो.

साने गुरुजींच्या अमळनेरातल्या वर्षांत तर ही निवडीची दृष्टी एकाच माणसाच्या हातून तीन वेळा दिसते. १९२४ ते १९३० या काळात ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहाचे काम पाहत. तिथे त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय’ दैनिक चालवले ते हाताने लिहून. वाचक एका छपराखालचे, मजकूर त्या दिवसापुरता. अशा कामाला एक प्रत, एक फळा आणि एक सुंदर हस्ताक्षर पुरते. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले ते छापील, कारण आता वाचक वसतिगृहाच्या भिंतीबाहेर पसरले होते. आणि ६ एप्रिल १९३८ रोजी ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केले, कारण फैजपूरच्या १९३६च्या अधिवेशनानंतर जागा झालेला खानदेशातला शेतकरी आणि कामगार दर आठवड्याला गाठायचा होता. मधल्या काळात, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली तेव्हा ती उतरवून घ्यायला कुठले यंत्र नव्हते. साने गुरुजींची लेखणी होती, आणि तिने काम पुरे केले. हस्तलिखित ते मासिक ते साप्ताहिक ही केवळ प्रगतीची पायरी-पायरीची चढण आहे असे कुणाला वाटेल. तसे ते नाही. वाचक किती, कुठे आणि किती वेळा, याचे प्रत्येक वेळी नव्याने केलेले ते मोजमाप आहे. हाताने लिहिलेले ‘छात्रालय’ त्याच्या कामाला छापील साप्ताहिकापेक्षा कमी योग्य नव्हते.

यावर एक आक्षेप रास्तपणे येईल. याला निवड का म्हणायचे, ही तर मजबुरी होती. पैसा नव्हता म्हणून दगड, यंत्र नव्हते म्हणून लेखणी. मागाहून इतिहास लिहिणारा मजबुरीलाच शहाणपणाचे नाव देतो. आक्षेपात तथ्य आहे, आणि शिळाछापाची सगळी साप्ताहिके केवळ विचारपूर्वक तिकडे वळली असे मी म्हणत नाही. पण मजबुरी असती तर एकच गोष्ट घडली असती : पैसा आणि रेल्वे आल्यावर सगळे मुंबईकडे वळले असते. जळगावला मुंबई एका गाडीच्या अंतरावर होती. तरीही काव्यरत्नावली जळगावचेच राहिले. धुळ्याच्या सभेला आणि मंडळाला पुण्याच्या संशोधकांचा आधार होता, तरी त्यांनी आपले बिऱ्हाड हलवले नाही. उलट दिशेचा पुरावाही आहे. बहिणाबाई चौधरी यांची गाणी असोद्याच्या आणि जळगावच्या मातीत उगवली. जळगावच्या छापखान्यावरही त्यांनी गाणे रचले आहे, म्हणजे हे यंत्र त्यांच्या डोळ्यांत चांगलेच भरले होते. तरी त्यांच्या गाण्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह बाहेर पडले ते मुंबईतून. तिथे गरज वेगळी होती. अवघ्या महाराष्ट्राच्या हाती ते पोचायचे होते, आणि ते काम मुंबईच्या प्रकाशनाचेच होते. जवळचे जवळ आणि दूरचे दूर छापण्याचा हा विवेक आहे. परिस्थितीने पर्याय मर्यादित केले हे खरे, पण त्या मर्यादेत कोणते काम कुठे न्यायचे हे माणसांनी ठरवले.

स्वातंत्र्यानंतरचा काळ यंत्रांच्या गर्दीचा आहे. पायाने चालणारे ट्रेडल गावोगाव पसरले, कारण त्याला वीज लागत नव्हती आणि तासाला हजाराच्या आसपास पत्रिका किंवा बिले निघत. शाळांत आणि पतपेढ्यांत सायक्लोस्टाइल आले, कारण प्रश्नपत्रिकेच्या दोनशे प्रतींसाठी खिळे जुळवणे परवडत नाही आणि प्रश्नपत्रिका गावच्या छापखान्यात नेणेही धोक्याचे. मग झेरॉक्स आले, पुण्याच्या सी-डॅकने आणि इतरांनी मराठी संगणकावर आणली, ऑफसेट आले, आणि शेकडो खिळ्यांचे खण दोन-तीन दशकांत भंगारात गेले. इथे दुसरा आक्षेप येतो. गरजेने यंत्र ठरते हे उलटे आहे, यंत्रच गरज निर्माण करते. झेरॉक्स नव्हते तेव्हा कुणी प्रत्येक अर्जाला पाच झेरॉक्स जोडत नव्हते. हेही खरे आहे. पण नवे यंत्र आल्यानंतर जुन्यापैकी काय टिकले ते पाहा, म्हणजे उत्तर मिळते. कर्कश आवाज करणारा आणि मंद चालणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लेझर येऊन कित्येक वर्षे झाली तरी अडतीत, वाहतूक कचेरीत आणि गोदामात टिकून आहे. कारण तो कागदावर सुईने ठोकतो, आणि म्हणून कार्बन घालून तीन प्रती एकदम निघतात. एक शेतकऱ्याला, एक व्यापाऱ्याला, एक दप्तराला. तिन्ही प्रती एकाच ठोक्यातल्या, म्हणून भांडणाला जागा नाही. लेझर कितीही वेगवान असला तरी हे काम त्याच्या स्वभावात नाही. नवे यंत्र नवी हौस निर्माण करते, हे मान्य. पण हौस ओसरल्यावर उरते ते कामच, आणि कोणते यंत्र राहणार हे ते कामच ठरवते.

आता आजच्या निवडीकडे वळू. जुन्या छापखान्यात यंत्र महाग आणि शाई स्वस्त असे. आज बऱ्याच इंकजेट प्रिंटरांबाबत उलटे आहे. यंत्र स्वस्त विकायचे आणि कार्ट्रिजमधून पैसे वसूल करायचे, असा हा धंदा आहे. २०१०च्या सुमारास बाटलीने शाई भरण्याचे टाकीवाले प्रिंटर आले आणि हे गणित थोडे सरळ झाले. एक हिशेब मांडून पाहू. समजा एक प्रिंटर ४,००० रुपयांना मिळतो आणि त्याचे पान ५ रुपयांना पडते. दुसरा १४,००० रुपयांना मिळतो आणि पान ५० पैशांना पडते. फरक १०,००० रुपयांचा, दर पानामागे बचत साडेचार रुपयांची. म्हणजे सुमारे २,२०० पाने छापल्यावर महाग प्रिंटर स्वस्त ठरू लागतो. धुळ्याच्या न्यायालयाजवळच्या वकिलाच्या कचेरीत दिवसाला २० पाने निघत असतील तर हा टप्पा चार महिन्यांच्या आत येईल. जळगावच्या एखाद्या घरात महिन्याला २० पाने निघत असतील तर त्याला नऊ वर्षांहून अधिक लागतील, आणि तोवर यंत्रच राहणार नाही. यंत्र तेच, किंमत तीच, पण एका दारात शहाणपण आणि दुसऱ्या दारात उधळपट्टी. कंपन्या कार्ट्रिजमागे पानांचा जो आकडा देतात तो ठरावीक मापाच्या नमुना-पानांवर काढलेला असतो. एका रंगाच्या लेझर टोनरसाठी आयएसओ १९७५२ आणि इंकजेटसाठी आयएसओ २४७११ अशी त्याची प्रमाणके आहेत. दाट कोष्टक, ठळक शीर्षके किंवा छायाचित्रे असलेले पान त्याहून जास्त शाई पिते, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचावा.

खानदेशातल्या खरेदीदाराने आणखी तीन गोष्टी पाहिल्याच पाहिजेत. पहिली, ऊन. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोरड्या उष्ण हवेत आठवडे न वापरलेल्या इंकजेटची बारीक छिद्रे वाळून बंद होतात, आणि ती साफ करण्यात विकतची शाई वाया जाते. टोनर ही कोरडी पूड असते, ती वाळत नाही. म्हणून ज्याला क्वचित आणि फक्त काळे छापायचे आहे त्याला छोटा लेझर बरा, आणि ज्याला नेमाने रंगीत छापायचे आहे त्याला टाकीवाला इंकजेट बरा, पण त्याने आठवड्यातून एखादे पान काढत राहावे. दुसरी, वीज. लेझर प्रिंटर पूड कागदावर वितळवून बसवतो, त्यासाठी त्याचा रूळ दोनशे अंशांच्या जवळपास तापतो आणि त्या क्षणी कित्येकशे वॅट ओढतो. घरगुती छोट्या इन्व्हर्टरवर तो चालेल असे धरून चालू नये. तिसरी, कागदाचे आयुष्य. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातली, शंकर देवांनी गोळा केलेली जुनी बाडे आजही वाचता येतात याचे एक मोठे कारण काजळीची शाई. काजळी म्हणजे कार्बन, आणि ते उजेडाने उडत नाही. खिळ्यांच्या छपाईची काळी शाईही कार्बनची, आणि लेझरच्या काळ्या टोनरमध्येही कार्बनच असतो. उलट साध्या रंगद्रावणाची इंकजेट शाई ओल लागताच पसरते, आणि उष्णतेने उमटणारी दुकानातली पावती मे महिन्यात गाडीच्या काचेमागे ठेवली तर काळवंडते किंवा पुसट होते. खरेदीखत, भाडेकरार, वाटणीपत्र, हमीची पावती असे जपायचे कागद लेझरवर किंवा पिगमेंट शाईवरच काढावेत. दुकानातल्या अशा थर्मल पावतीची हमीसाठी गरज असेल तर तिची प्रत काढून ठेवावी.

शेवटचा आक्षेप असा, की हा सगळा विचार कालबाह्य झाला. सातबारा डिजिटल स्वाक्षरीने मोबाइलवर मिळतो, तिकीट मोबाइलवर असते, हमीपत्रही मोबाइलवर येते, मग छापायचे कशाला? या आक्षेपाचा अर्धा भाग मी मनापासून स्वीकारतो, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. छापायचे काम कमी झाले असेल तर पहिला प्रश्न ‘कोणता प्रिंटर’ हा नसून ‘प्रिंटर हवा का’ हा आहे. फडणीसांच्या काळी प्रत्येक कवीने छापखाना काढला नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने, प्रत्येक व्यापाऱ्याने यंत्र घेतले नाही. ज्याच्याकडे दर आठवड्याचे काम होते त्याने यंत्र घेतले, बाकीच्यांनी त्याच्याकडून छापून घेतले, आणि त्यातून त्या छापखान्याचाही संसार चालला. आजचे चौकातले झेरॉक्सचे दुकान किंवा गावचे सेवा केंद्र हेच काम करते. जे घर महिन्याला दहा-वीस साधी पाने छापते त्याचा योग्य प्रिंटर ते दुकान आहे, आणि हा कंजूषपणा नाही, हा हिशेब आहे. दुसरा अर्धा भाग मात्र मी नाकारतो. बँक, न्यायालय, शाळा, सोसायटी आणि घरातली म्हातारी माणसे अजून कागद मागतात. अभ्यासाला बसलेल्या मुलाला छापील पानावर पेन्सिलीने खूण करता येते. कागद संपला नाही. जो कागद काढायचा तो अधिक विचाराने काढण्याची वेळ आली आहे, एवढेच.

म्हणून यंत्र विकत घेण्याआधी एक महिना थांबावे. घरात आणि कचेरीत छापलेली, बाहेरून छापून आणलेली सगळी पाने मोजावीत आणि त्यांचे तीन ढीग करावेत : आजच्या आज टाकून द्यायची, वर्षभर लागणारी, आणि पुढे मुलांच्या हाती जायची. किती रंगीत, किती साधी, किती गोपनीय, हे प्रत्येक ढिगावर लिहावे. आपल्या गावात त्या यंत्राची शाई रोज मिळते का आणि ते दुरुस्त करणारा कोण आहे, हे दुकानदाराला नव्हे, तेच यंत्र दोन वर्षे वापरणाऱ्याला विचारावे. एवढे केल्यावर कोणता प्रिंटर घ्यायचा, किंवा घ्यायचाच नाही, हे कागदांचे ढीगच सांगतील.